पक्केसाहेबांचा सुरा

पक्केसाहेबांना सुरा विकत घ्यायचाय ही बातमी इमारतीत पसरली, तेव्हा प्रत्येकाने पहिला प्रश्न एकच विचारला. वहिनी बऱ्या आहेत ना?

वहिनी बऱ्या होत्या. त्या गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या आणि खालून विचारणाऱ्या प्रत्येकाला अजून तरी बरी आहे असं स्वतःच सांगत होत्या.

पक्के हे साहेबांचं आडनाव नव्हे. काचेची उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात ते रवानगी विभागाचे प्रमुख होते. परीक्षानळ्या, चंबू, नरसाळी अशा नाजूक जिनसा खोक्यांत बंद करून गावोगाव धाडायच्या, हे त्यांचं काम. त्यांनी बांधलेलं खोकं वाटेत कधी सुटलं नव्हतं आणि आतला माल कधी फुटला नव्हता. एकदा मालाचा ट्रक उलटला, चालकाचा हात मोडला, पण चंबू सगळे शाबूत पोचले. साहेब चालकाला बघायला इस्पितळात गेले आणि त्यांनी आधी चंबूंची चौकशी केली, असं कारखान्यात अजून सांगतात. तेव्हापासून ते पक्केसाहेब झाले. खिशात रुमाल नसला तरी चालेल, सुतळीचं गुंडाळं हवंच, असा त्यांचा बाणा होता.

हा बाणा घरच्यांना थोडा जड जायचा. टीव्हीचा रिमोट तीन पिशव्यांत असल्यामुळे आवाज वाढवायला अंगठ्याने दम धरून दाबावं लागे. लग्नात आलेला कपबश्यांचा संच घर बदलताना साहेबांनी स्वतः बांधला होता. तो अजून तसाच माळ्यावर होता, कारण सोडवायला गेलं तर निदान एक कप तरी फुटेल आणि मग संच राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. वहिनी पाहुण्यांना पेल्यांतून चहा द्यायच्या आणि वर बघायच्या.

तर अशा माणसाला सुरा हवा झाला तो मुलीमुळे. मुलगी नुकती नोकरीला लागली होती आणि सुट्टीच्या दिवशी एका मंडळाबरोबर रानावनात हिंडायची. या मंडळाने सभासदांच्या कुटुंबांसाठी दोन दिवसांचं जंगल शिबिर काढलं. प्रत्येक कुटुंबाचा एक गट आणि गटाला एक प्रमुख. मुलगी एका संध्याकाळी आली, बूट काढता काढता म्हणाली, "बाबा, आपल्या गटाचे प्रमुख म्हणून मी तुमचं नाव दिलंय."

साहेबांनी पेपर खाली ठेवला. वहिनींनी गॅस बंद केला. आणि सोफ्यावर बसलेल्या वहिनींच्या धाकट्या भावाने, म्हणजे मुलीच्या मामाने, हातातली बशी टेबलावर ठेवली.

या मामाबद्दल थोडं सांगायला हवं. तो पाणी तापवायचे सौर बंब विकायचा. पण कधीतरी एकदा तो मित्रांबरोबर जंगलात राहून आला होता, आणि तेव्हापासून लग्नाकार्यालाही असंख्य खिशांचं जाकीट घालून जायचा. त्यातल्या एका खिशात मिटणारा परदेशी चाकू होता. त्यातून कात्री, करवत, बूच काढायचा मळसूत्री आकडा आणि एक दातकोरणं निघे. मुलगी लहान असल्यापासून घराबाहेरच्या सगळ्या गोष्टी तिला मामाने शिकवल्या होत्या. सायकल, पोहणं, झाडावर चढणं. साहेबांनी तिला वह्यांना कव्हरं घालायला शिकवलं होतं. तेव्हा शिबिरात प्रमुख कोण, हा प्रश्नच मामाच्या मनात आला नव्हता.

"भावजी," मामा म्हणाला, "तुम्ही जंगलात जाणार म्हणजे मला जंगलाची काळजी वाटते. तिथे गटप्रमुखाकडे चांगला सुरा लागतो. मिटणारा चालत नाही, अखंड पात्याचा, दणकट. शनिवारपर्यंत तुमच्याकडे तसा सुरा असला तर ठीक. नाहीतर नाव बदलून घेऊ. काय म्हणता?"

मुलगी काही बोलायच्या आत साहेब म्हणाले, "शनिवारपर्यंत सुरा येईल."

त्यांची छाती धडधडत होती. कारखान्यात मोठी रवानगी असते तेव्हा धडधडायची तशीच, पण त्यापेक्षा किती तरी जास्त. मुलीने मामाला सोडून आपलं नाव दिलं होतं. का दिलं ते त्यांना कळत नव्हतं, आणि विचारायची भीती वाटत होती, कारण विचारलं आणि ती 'चुकून' म्हणाली तर काय घ्या. त्यांना एवढंच कळत होतं की हे नाव आता राखायचं.

त्याच रात्रीपासून अभ्यास सुरू झाला. एक दाढीवाला माणूस फोनवर दिसायचा, तो सुरा ओंडक्यावर ठेवून वरून लाकडाने ठोकायचा आणि ओंडक्याचे दोन तुकडे करायचा. साहेब श्वास रोखून बघायचे. वहिनी मागून बघायच्या आणि हा माणूस नोकरी काय करतो असं विचारायच्या. पण त्या दाढीवाल्याने एक मोलाची गोष्ट सांगितली. पातं मुठीत थोडंसं खोचलेलं असलं तर सुरा ऐन वेळी दगा देतो. खरा सुरा तो, ज्याचं लोखंड टोकापासून मुठीच्या बुडापर्यंत एकसंध जातं, आणि मूठ म्हणजे त्याला दोन्ही बाजूंनी लावलेल्या नुसत्या पट्ट्या. रवानगीतल्या माणसाला हे लगेच पटलं. जोड आला की धोका आला.

ते उत्साहाने स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी वहिनींची सुरी उचलली.

"हिचं पातं कुठपर्यंत गेलंय, बघायला हवं," ते म्हणाले.

"माझी सुरी उत्तम चालते," वहिनी म्हणाल्या.

"चालते गं, पण संकटात चालेल का?"

"संकटात मी कांदा चिरत बसत नाही."

पण साहेबांना आता राहवेना. त्यांनी सुरी एका जुन्या पाटावर ठेवली आणि खलबत्त्यातला बत्ता घेऊन दाढीवाल्यासारखी वरून ठोकली. पातं मुठीतून निसटून सिंकखाली गेलं. आत बोटाच्या पेराएवढंच लोखंड होतं. "बघितलंस? मी म्हणत होतो," असं साहेब विजयाने म्हणाले. मग त्यांनी वहिनींकडे पाहिलं आणि त्यांचा विजय ओसरला. ती सुरी वहिनींनी पहिल्या पगारातून घेतली होती, लग्नाआधी, खोली करून राहत होत्या तेव्हा. वहिनींनी पातं आणि मूठ दोन्ही उचलून एका डब्यात ठेवलं. त्या दिवसापासून पानात सगळं अख्खं यायला लागलं. अख्खा बटाटा, अख्खी काकडी, अख्खा कांदा. टोमॅटो तर साहेबांना हाताने फोडावा लागला आणि त्याचा रस शर्टाच्या बाहीत गेला.

इमारतीत मात्र सल्ल्यांना ऊत आला होता. खालच्या मजल्यावर एक निवृत्त ड्रिलमास्तर राहत. त्यांच्या मते सुरा कोपरापासून मनगटापर्यंत हवा, त्याहून लहान सुरा म्हणजे पोरखेळ. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की लांबी महत्त्वाची नाहीच, गंजू नये ते महत्त्वाचं, आणि सुऱ्याला धार लावताना तोंडाला मास्क लावा. तिसऱ्या एका आजींनी सुरा कशाला, देवावर हवाला ठेवा असं सांगितलं. साहेब प्रत्येकाचं आदराने ऐकून घ्यायचे, हीच त्यांची चूक झाली. कारण ऐकून घेतलं की सल्ला देणारा बरोबर यायला निघतो.

ड्रिलमास्तर निघाले. बाजारातल्या पहिल्याच दुकानात त्यांनी स्वतःच्या पसंतीचा सुरा काढायला लावला. पात्याच्या पाठीला करवतीचे दाते होते. मूठ पोकळ होती, तिचं झाकण फिरवलं की आत काड्यापेटी, मासेमारीचा गळ, सुईदोरा आणि झाकणावर होकायंत्र. "अख्खं जंगल मुठीत," मास्तर म्हणाले. होकायंत्राचा काटा कसंही धरलं तरी मास्तरांकडेच वळायचा, आणि मास्तरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. साहेबांना ती पोकळ मूठ खटकत होती. आत लोखंड कुठे आहे, असं त्यांनी एकदा विचारूनही पाहिलं. पण मास्तरांच्या आवाजापुढे त्यांचं काही चालेना. शिवाय तो होता स्वस्त. स्वस्त वस्तूपुढे मध्यमवर्गीय माणसाची तत्त्वं वितळतात, हे साहेबांच्या बाबतीतही खरं ठरलं.

चाचणी इमारतीखाली, गाड्या लावतात तिथे झाली. तोडलेल्या झाडाचं एक लाकूड होतंच. मास्तरांनी मागे उभं राहून आज्ञा सोडली, साहेबांनी सुरा उगारला आणि लाकडावर हाणला. मूठ साहेबांच्या हातात राहिली. पातं मात्र हवेत गिरक्या घेत गेलं आणि सोसायटीच्या सूचनाफलकात घुसलं. फलकावर पाणी जपून वापरण्याची सूचना होती आणि पातं नेमकं सेक्रेटरींच्या सहीवर रुतलं होतं. त्याच वेळी सेक्रेटरी जिन्यातून उतरत होते.

सेक्रेटरींनी पात्याकडे पाहिलं, सहीकडे पाहिलं, आणि साहेबांच्या हातातल्या मुठीकडे पाहिलं. पाण्याच्या वेळेवरून गेल्या महिन्यात साहेबांनी सभेत त्यांना विरोध केला होता, ते त्यांना आठवलं असावं. साहेबांनी खुलासा करण्यासाठी एक पाऊल पुढे टाकलं तर सेक्रेटरी दोन पायऱ्या वर गेले. तिथूनच त्यांनी जाहीर केलं की इमारतीत शस्त्र आणायचं तर पोलिसांचा कागद लागेल. साहेबांनी वळून पाहिलं तर ड्रिलमास्तर नव्हते.

साहेब पोलीस ठाण्यात गेले. आजवर ते तिथे फक्त एकदा, हरवलेल्या छत्रीसाठी गेले होते. बाकावर ताटकळून झाल्यावर अंमलदारांनी त्यांना आत बोलावलं आणि काय हवंय ते विचारलं. सुरा घ्यायचाय, असं साहेब म्हणाले, आणि खोलीतले सगळे लिहायचे थांबले.

"कुणाशी भांडण?" अंमलदारांनी विचारलं.

साहेबांनी सगळं सांगितलं. मुलगी, शिबिर, मेहुणा, सेक्रेटरी. अंमलदारांनी सुऱ्याची लांबी विचारली, साहेबांनी वीतभर दाखवली. मग एवढ्याला काही परवाना लागत नाही, असं अंमलदार म्हणाले. साहेबांना हायसं वाटलं. परवाना लागत नाही असा एक दाखला द्यावा, सेक्रेटरींना दाखवता येईल, अशी त्यांनी विनंती केली.

"हे बघा," अंमलदार म्हणाले, "ज्याला परवाना लागतो, त्याचा परवाना आम्ही देतो. ज्याला लागत नाही त्याचा दाखला द्यायला लागलो, तर उद्या लोक चमच्याचा दाखला मागायला येतील."

मग तोफेचा परवाना लागतो का, म्हणजे तो मागून नाकारला गेला तर निदान एक कागद हाती येईल, असंही साहेबांनी विचारून पाहिलं. अंमलदारांनी हातातलं पेन खाली ठेवलं. शेवटी ते जरा नरमले. त्यांना एक मुलगी होती, तीही घरात मामाचंच ऐकायची. त्यांनी सेक्रेटरींना स्वतः फोन लावला आणि वर एक सल्ला दिला, बिनकागदाचा. सुरा प्रवासात उघडा नेऊ नका, नीट बांधून न्या, सहजासहजी सुटणार नाही असा.

सहजासहजी सुटणार नाही असा. पोलिसांकडून आलेला हा शब्द साहेबांच्या काळजात जाऊन बसला. आजवरच्या सगळ्या सल्ल्यांत त्यांना जमण्यासारखा हा एकच होता.

शुक्रवारी कामावरून परतताना ते अवजारांच्या एका जुन्या दुकानात शिरले. या वेळी कुणालाही बरोबर घेतलं नव्हतं. फावडी आणि कुलुपं यांच्या मध्ये एका खिळ्याला तो लटकत होता. काळी, बेढब मूठ. पातं पंजाएवढं, जाडजूड, त्यावर ना दाते ना नक्षी. मुठीच्या दोन पट्ट्यांच्या मधून लोखंडाची कड बुडापर्यंत गेलेली स्वच्छ दिसत होती. साहेबांच्या अंगावर काटा आला. त्यांनी तो हातात घेतला आणि त्यांना वाटलं, हाच तो.

दुकानदार फोनवर सासूच्या कवळीबद्दल बोलत होता. सुरा भरवशाचा आहे का, असं साहेबांनी विचारलं. त्याने फोनवर हात ठेवला आणि तो म्हणाला, "घेऊन गेलेलं गिऱ्हाईक आजपर्यंत तक्रार घेऊन परत आलं नाही."

याचे दोन अर्थ होतात हे साहेबांना घरी पोचल्यावर सुचलं. पण तोवर सुरा त्यांचा झाला होता, आणि किंमत ऐकून तर दुकानातच त्यांनी दुकानदाराकडे संशयाने पाहिलं होतं, इतका तो परवडणारा होता.

घरी सोहळाच झाला. मुलीने सुरा हातात तोलून पाहिला आणि मस्त आहे म्हणाली. साहेब हरखून गेले. त्यांनी सुऱ्याला तेल लावलं, पुसलं, पुन्हा लावलं. वहिनींनी मुकाट्याने एक कांदा आणला आणि चिरून पाहिला. कांद्याच्या चकत्या कागदासारख्या पडल्या. वहिनींनी आणखी एक कांदा आणला. मग गाजर. मग सुरा इथेच राहू दे, सकाळच्या डब्याची भाजी चिरायची आहे, असं त्या म्हणाल्या. साहेबांनी तो अक्षरशः त्यांच्या हातातून काढून घेतला. जंगलासाठी आणलेल्या सुऱ्याने भाजी चिरणं म्हणजे काय, असं ते म्हणाले, आणि त्याला आधी काहीतरी मऊ गुंडाळायला हवं असं पुटपुटत सुतळी, पुठ्ठा, टेप काढायला आत गेले.

"मऊ कपड्यात मीच गुंडाळून देते," वहिनींनी मागून सांगितलं.

साहेब विरघळले आणि त्यांनी सुरा वहिनींच्या हातात दिला. मोडलेल्या सुरीचा राग गेला असावा, असं त्यांना वाटलं. थोड्या वेळाने वहिनींनी त्यांच्याच एका जुन्या बनियनमध्ये घट्ट गुंडाळून सुरा आणून दिला. साहेबांनी सवयीने हातात तोलला. वजन बरोबर होतं.

मग त्यांनी तो बांधला. आधी नालीदार पुठ्ठा, त्यावर मेणकागद, त्यावर धागे घातलेली टेप. तिच्यावर पुन्हा पुठ्ठा आणि पुन्हा टेप. वरून सुतळीची उभी आडवी जाळी आणि प्रत्येक छेदावर त्यांची ती प्रसिद्ध गाठ. गाठींवर लाख वितळवून मोहोर केली. शेवटी कारखान्यातून आणलेला एकुलता एक शिक्का त्यावर मारला, 'काच – सांभाळा'. असं पार्सल त्यांनी उभ्या नोकरीत बांधलं नव्हतं. ते उशाशी घेऊन झोपले.

शिबिराची जागा म्हणजे नदीकाठचं एक मोकळं मैदान आणि कडेला मोठमोठी झाडं. मधोमध सगळ्यांच्या स्वयंपाकासाठी एक प्रचंड ताडपत्री ताणायची होती. मामाने जाकिटाचे खिसे चाचपत ते काम आपल्याकडे घेतलं आणि चारी कोपऱ्यांना भराभर दोऱ्या मारल्या. मग मंडळाच्या प्रमुख बाईंनी शिट्टी वाजवली आणि गटप्रमुखांनी आपापले सुरे काढा, खुंट्या तासायच्या आहेत, असं सांगितलं.

आजूबाजूला म्यानांतून सुरे निघाले. पक्केसाहेबांनी पिशवीतून पार्सल काढलं.

सुरुवातीला त्यांच्या चेहऱ्यावर ऐट होती. मग नखांनी गाठ सुटेना. दाताने सुटेना. किल्लीने टेप फाटेना, त्या धाग्यांना किल्लीच बोथटली. हळूहळू बाकीचे प्रमुख खुंट्या सोडून भोवती गोळा झाले. एकाने आपला सुरा पुढे केला, पण आपल्या सुऱ्यासाठी दुसऱ्याचा सुरा घ्यायला साहेबांचं मन धजेना.

"द्या इकडे भावजी," मामा म्हणाला आणि त्याने आपला परदेशी चाकू उघडला. दोनदा घासला. तिसऱ्यांदा जोर दिला तेव्हा मिटणारा चाकू मिटला, मामाचं बोट आत असताना. मामा खाली बसला. त्याच्या सगळ्या खिशांत शोधूनही बोटाला लावायची पट्टी सापडली नाही. ती वहिनींच्या पर्समध्ये होती.

"राहू द्या ना आता ते," वहिनी पट्टी लावता लावता साहेबांना म्हणाल्या. "नंतर उघडा."

साहेबांना हे झोंबलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. मुलगी कुठे आहे हे बघायचंसुद्धा त्यांना धैर्य होत नव्हतं. ती बघत असणार, आणि कुठून नाव दिलं असं तिला वाटत असणार. ते दगड शोधायला वळले आणि तेवढ्यात वारा सुटला.

असातसा वारा नव्हता. नदीकडून एकदम उठला आणि मैदानभर धूळ, पानं, कुणाचे तरी टॉवेल घेऊन धावला. मामाने बांधलेली पहिली दोरी सुटली, मग दुसरी, आणि ताडपत्रीचा एक अख्खा कोपरा वर गेला. खाली चुली पेटलेल्या होत्या, मुलं होती. लोक कोपरा धरायला धावले तर ताडपत्रीच त्यांना उचलू लागली.

"बाबा," मुलगी पलीकडून ओरडली, "सुतळी."

साहेबांच्या डोक्यातून सुरा गेला, अपमान गेला, सगळं गेलं. त्यांना फक्त एक मोठ्ठं खोकं दिसलं, बांधायचं राहिलेलं. ते धावले. खिशातलं गुंडाळं, पिशवीतली दोन गुंडाळी, लोकांच्या दोऱ्या, सगळं त्यांच्या हातात आलं आणि हात आपोआप चालू लागले. इकडे ओढा, तिकडे धरा, तू खुंटीवर बस, असं ते ओरडत होते. रवानगी विभागात त्यांचा आवाज असा लागतो हे घरच्यांना माहीतच नव्हतं. तीन कोपरे पक्के झाले. चौथ्याला जमिनीत काही आधार नव्हता. दोर वरच्या मोठ्या फांदीवरून घ्यायला हवा होता, आणि फांदी होती दोन मजले वर. फेकायला काहीतरी जड हवं होतं, आवळून बांधता येईल असं.

"हे घ्या," वहिनींनी पार्सल पुढे केलं.

साहेब क्षणभरच घुटमळले. मग त्यांनी दोराचं टोक त्या जाळीला बांधलं, पार्सल गरगर फिरवलं आणि जीव खाऊन वर भिरकावलं. ते फांदीवरून पलीकडे गेलं, दोर घेऊन खाली आलं, साहेबांनी दोर खेचला, ताणला आणि खोडाला गाठ मारली. पार्सल तिथेच वजन म्हणून लटकत राहिलं. वाऱ्याने ताडपत्रीला आणखी चार धक्के दिले. ताडपत्री हलली नाही.

वारा थांबल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी धापा टाकत आली आणि साहेबांना बिलगली. आता विचारायला हरकत नाही असं त्यांना वाटलं. माझं नाव का दिलं होतंस, त्यांनी हळूच विचारलं.

"मामाकडे सगळं असतं बाबा," ती म्हणाली. "पण शाळेत असताना माझ्या बुटांच्या नाड्या तुम्ही बांधायचात ना, त्या दिवसभरात कधी सुटल्या नाहीत. घरी आल्यावरसुद्धा सुटायच्या नाहीत, आई बूट ओढून काढायची. जंगलात मला तसं कुणीतरी बरोबर हवं होतं."

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी धूळ गेली असं सांगितलं नाही, सरळ डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी मात्र नवीच पंचाईत झाली. तळ हलवायचा होता, बस येऊन उभी होती आणि दवाने आवळलेल्या साहेबांच्या गाठी त्यांच्या स्वतःच्याच हाताने सुटेनात. बाकी सगळे नदीवर तोंड धुवायला गेले होते. ते परत येतील, ताडपत्री तशीच असेल आणि बस खोळंबेल, तीही गटप्रमुखामुळे. साहेब वर लटकणाऱ्या पार्सलकडे केविलवाणे बघत राहिले.

वहिनी डब्यांची पिशवी घेऊन आल्या. त्यांनी काकड्या बाजूला केल्या, खालून नॅपकीन काढला आणि नॅपकीनमधून सुरा काढला. काळी, बेढब मूठ, पंजाएवढं पातं.

"घ्या," त्या म्हणाल्या. "सगळे यायच्या आत कापून टाका."

साहेबांनी सुऱ्याकडे पाहिलं, मग वर पार्सलकडे. "मग त्यात काय आहे?"

"माझी मोडकी सुरी. आणि वजन भरावं म्हणून बत्ता." वहिनींनी पदर खोचला. "तुम्ही एकदा बांधलं की उघडणार नाही, हे मला माहीत आहे. इथे येऊन भाजी मी कशाने चिरणार होते? काल सगळ्यांसमोर ते उघडलं असतं आणि त्यातून बत्ता निघाला असता, म्हणून राहू द्या म्हणत होते."

त्या क्षणी साहेबांना बायकोबद्दल जे वाटलं ते लग्नाच्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं, आणि ते तसं बोलूनही गेले. वहिनी म्हणाल्या, आधी दोर कापा.

सुरा खरोखर उत्तम होता. दोर लोण्यासारखे कापले गेले. लोक परतले तेव्हा ताडपत्री घडी होऊन पडली होती आणि पक्केसाहेब पातं पुसत उभे होते. मुलीने पाहिलं. "उघडलंत शेवटी?" तिने विचारलं. साहेब काही बोलायच्या आत वहिनी म्हणाल्या, "उघडलं बाई एकदाचं." वरून खाली आलेलं पार्सल त्यांनी तोवर डब्यांच्या पिशवीत सारलं होतं.

पुढच्या रविवारी मामा आला, बोटाला पट्टी होतीच. सुरा बघू, असं तो म्हणाला. साहेबांनी दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटाकडे बोट केलं. तिथे पार्सल होतं, जाळीसकट, मोहोरेसकट.

"पण ताई तर म्हणाली, उघडलं होतं."

"पुन्हा बांधलं," साहेब म्हणाले.

मामा बराच वेळ त्या मोहोरेकडे आदराने बघत राहिला. स्वयंपाकघरातून कोबी चिरल्याचा खसखस आवाज येत होता, वेगात, एकसारखा. मग तो थांबला आणि वहिनी दारात आल्या. वाटण कुटायचं आहे, असं त्या म्हणाल्या. सुरा मिळाला, सगळं झालं, पण माझी एक वस्तू अडकून पडली आहे, ती कधी सोडवून देताय?

साहेबांनी पार्सलकडे पाहिलं. कपाट उघडून लाखेच्या मोहोरेवरून एकदा बोट फिरवलं. मग कपाट नीट लावलं, चपला घातल्या आणि नवा बत्ता आणायला निघाले.